डाव्या पायाची साक्ष

अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना एक दीर्घ चढ लागे, आणि त्या चढावर हासोमलदादांच्या हाताखालचे इंजिन गायकाने खर्ज सोडून वर सरकावे तसा स्वर बदलत असे. तो बदल कानांना कळे, देहाला नाही. डावा पाय क्लच दाबी, डावा हात गियरच्या दांड्यावरून अलगद फिरे, आणि मालकांची ती विलायती, वेगवान मोटार जराही हिसका न देता खालचा गियर धरी. माझ्या पेटीतल्या औषधांच्या बाटल्या एकमेकींवर आपटतसुद्धा नसत.

मी कारखान्याच्या दवाखान्यातली डॉक्टर. दर गुरुवारी जांभूळच्या बाजूच्या वाड्यांवर रोगी तपासायला जात असे, आणि त्यासाठी कारखान्याचे मालक आपली गाडी, ड्रायव्हर दादांसह, देत. दादा मूळचे कराचीचे. फाळणीनंतर बायको आणि दोन मुलींसह निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प पाचच्या बराकीत राहत. मुलूख गेला, घर गेले, बोली इथल्या बाजारातल्या हिंदी-मराठीत विरघळू लागली. पण तीस वर्षांच्या सारथ्याने कमावलेली ती लय त्यांच्या डाव्या अंगात शाबूत होती. शरदाच्या उन्हात त्यांचा चेहरा तापल्या तांब्यासारखा दिसे, आणि त्यावर एक विषण्ण सावधपणा असे. रस्ता कुठेही संपू शकतो, हे त्यांना एकदा कळून चुकले होते.

एका वैशाखात, दवाखाना रिकामा झाल्यावर, ते आत आले आणि बूट काढून बसले.

"बाई, डावा पाय आहे, पण नाही," ते म्हणाले. "क्लच बसला की नाही ते गाडीच्या आवाजावरून समजतं. पायावरून नाही."

मी टाचणी टोचून पाहिली. घोट्याखाली संवेदना फार मंद झाली होती. गाडी चालवणे थांबवा, असे मी सांगितले.

"मालकांना बोलू नका. दुसरं काम मला येत नाही."

नोंद करायला उचललेले पेन मी खाली ठेवले.

पावसाळा सरता सरता मालकांनी नवी अमेरिकन मोटार आणली. आठ सिलिंडरची, जुनीहून बलवान, आणि क्लचच नसलेली. गियर ती आपले आपण बदली. मालक वेगाचे शौकीन. ते म्हणाले, "हासोमल, आता नुसतं दाबायचं आणि जायचं. डाव्या पायाला सुट्टी."

मला वाटले, माझ्या मौनावर दैवानेच पांघरूण घातले. दादा मात्र अस्वस्थ होते. चढ आला की त्यांचा डावा हात उठे आणि अधांतरीच थबके.

"गाडी चांगली आहे, बाई. ताकद बहोत आहे," एकदा ते म्हणाले. "पण जुनी विचारायची, आता काय करू? ही विचारतच नाही."

कार्तिकातला तो गुरुवार. भाताची कापणी झालेली, उन्हाला पेंढ्याचा वास. जांभूळच्या अलीकडच्या वळणावर भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी दिसली. अंतर पुष्कळ होते. वेग उतरवून खालचा गियर घ्यावा म्हणून, तीस वर्षे येई तसाच, दादांचा डावा पाय पूर्ण जोराने खाली आला. तिथे क्लच नव्हता. ब्रेकचे रुंद पेडल होते. चाके जागीच जखडली, गाडी आडवी घसरली आणि शेताच्या बांधावर आदळली.

गाडीवान धावत आला. "बाय, लागला का गो?" त्याने विचारले. माझे मनगट मोडले होते. दादा स्टिअरिंगच्या चक्रावर हात ठेवून आपल्या डाव्या पायाकडे पाहत होते, परक्याकडे पाहावे तसे.

तीन दिवसांनी मालकांनी आम्हा दोघांना बोलावले. दादांना खोलीत चालून दाखवायला लावले. डावे पाऊल किंचित फरफटत होते.

"हा पाय कधीपासून असा आहे?" मालकांनी विचारले, आणि माझ्याकडे वळले. "डॉक्टरबाई, तुम्हाला माहीत होतं?"

पाय बधिर असल्याचे मला ठाऊक होते. पण त्या दिवशीची चूक बधिरपणाची नव्हती; इतक्या वर्षांची सवय असलेला निरोगी पायही तसाच खाली आला असता. दादांच्या बाजूचे हे सत्य सांगायचे, तर पाय तपासून मी लपवल्याचेही सांगावे लागणार होते. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात दादा म्हणाले, "बाईंना काही ठाऊक नाही, साहेब. मी कुणाला दाखवला नव्हता."

मी गप्प राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मला संकोच वाटू नये म्हणूनच असेल. किल्ली टेबलावर ठेवून ते व्हरांड्यातल्या प्रखर उन्हात उतरले. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली.

हाताचे प्लास्टर निघाल्यावर मी कॅम्प पाचला गेले. बराकीत दुसरे कुटुंब आले होते. शेजारीण बाजेवर पापड वाळत घालत होती.

"ते गेले ना, बाई. अहमदाबादला, भावाकडे," ती म्हणाली. पत्ता तिच्यापाशी नव्हता. मी कोण ते कळल्यावर तिने हात पदराला पुसले. "तुमचं नाव घ्यायचे. डॉक्टरीण चांगली आहे, बोलायचे."

परतताना दुपार कलली होती. पुढे मी कितीतरी पाय तपासले, प्रत्येकाची नोंद केली. इतक्या वर्षांत काळाने दादांना नेलेच असणार. माझ्यासाठी ते जे खोटे बोलले ते मात्र माझ्यापाशीच राहिले, आणि ज्याला ते परत करावे असा माणूस आता कुठल्याच रस्त्यावर नाही.