दोघींशी खेळलेली

चेंडूची लव एकाच बाजूने झडली होती, खालचं काळपट रबर अंगठ्याला लागत होतं, आणि वैजयंतीच्या ध्यानात आलं की ती झडायला आपलंच बोट कारण आहे – गेली दहा-पंधरा मिनिटं आपण ती नखाने उपटत बसलो आहोत, आणि पांढरट पिवळे धागे साडीवर पडले आहेत. तिने ते झटकले. सकाळच्या बॅचची मुलं गेली होती. टेनिस क्लबच्या व्हरांड्यात चहा आला होता आणि चहाबरोबर नेहमीचा वाद – आजवरचा सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? लेव्हरने दोनदा एकेका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. हो, पण त्यातल्या तीन तर गवतावरच होत्या. जोकोविचच्या चोवीस, हो, पण त्याच्या हातात लाकडी रॅकेट देऊन बघा की जरा. मग फेडरर, मग बायकांत स्टेफी, सेरेना, मार्गारेट कोर्ट... क्लबचे सेक्रेटरी कल्लप्पा गेली तीस वर्षं लेव्हरच्या बाजूने भांडत होते, आणि लेव्हरचा एकही सामना त्यांनी धड पाहिलेला नव्हता. म्हणूनच भांडत असतील, वैजयंतीला वाटलं. ज्याच्यासमोर आपण कधी उभे राहिलो नाही त्याला मोठं म्हणायला काय जातं...

शेवटी सगळे तिच्याकडे वळत, तसे आजही वळले, आणि तिने नेहमीचं वाक्य म्हटलं – "वेगवेगळ्या काळांची तुलना होत नाही." माना डोलल्या. या एका वाक्यावर क्लबात तिला शहाणी बाई समजत. ते वाक्य तिने कुठून आणलं होतं आणि कशावर झाकण म्हणून ठेवलं होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"पण मॅडम, आता तुलना करावीच लागणार ओ," कल्लप्पा म्हणाले. क्लबला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती, स्मरणिका निघणार होती आणि तिच्या पहिल्या पानावर क्लबची आजवरची सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू. नावं तीन. कोर्टाची निगा राखणाऱ्या गैबीसाब मार्करची मुमताज, वैजयंती स्वतः, आणि अंकिता. "ठरवायचं तुम्हीच. दोघींशीही खेळलेल्या तुम्ही एकट्याच हाय की. तुमचं नाव घातलं तरी कुणी काय म्हणणार न्हाय. विजेत्यांच्या नावांचा जुना बोर्ड, जुनी रजिस्टरं, सगळं नवी इमारत बांधताना गेलं."

दोघींशीही खेळलेली. कल्लप्पांनी ते मानाने म्हटलं होतं. दोघींशीही हरलेली, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

अंकिताशी ती हरली तेव्हा अंकिता तेरा वर्षांची होती आणि ती अठ्ठेचाळीसची, सहा-दोन, सहा-एक. गुडघा दुखत होता असं तिने सगळ्यांना सांगितलं. गुडघा दुखत नव्हता. आपणच शिकवलेला फोरहँड आपल्याच पायांजवळ येऊन पडताना, पोरीचं कौतुक करायला तोंड उघडताना, छातीत काहीतरी आंबट वर आलं होतं... पुढे अंकिता पुण्याला गेली, मग परदेशी स्पर्धा खेळू लागली, आणि वर्तमानपत्रात फोटो आला की वैजयंती आधी मजकुराच्या शेवटी बघायची – आपलं नाव आहे का? बहुधा असायचंच. तेही बोचायचं. परवा तिचा फोन आला होता: "मॅडम, माझं नाव नको हं. तुमचंच घाला. तुमच्या वेळी आजच्यासारख्या सोयी असत्या तर तुम्ही कुठल्या कुठे गेला असता." केवढी गुणी पोर! आणि केवढं दुष्ट वाक्य. कारण सोयी नव्हत्या त्या मला नव्हत्या, असं कसं म्हणू मी? माझे वडील मिलमध्ये टाइमकीपर होते, माझी रॅकेट नवी होती, तिच्या जाळीचं गटिंग तुटलं की दुसऱ्या दिवशी नवं घातलेलं असायचं. सोयी ज्या मुलीला नव्हत्या ती नेटच्या पलीकडे उभी होती...

त्या मुलीकडे, मुमताजकडे, आता जायचं होतं. फोटो हवा होता, संमतीची सही हवी होती. कल्लप्पा कुणालाही पाठवू शकले असते. "मीच जाते," ती म्हणाली, आणि का म्हणाली ते तिला रिक्षात बसल्यावरही कळलं नाही.

नव्या पेठेत रिक्षा अडकली. याच ठिकाणी आठ-दहा वर्षांपूर्वी गर्दीत मुमताज दिसली होती, कापडाचा गठ्ठा घेऊन येणारी, आणि वैजयंती झटकन सराफाच्या दुकानात शिरून नको असलेल्या कुड्या बघत बसली होती. एका गावात राहून एकोणचाळीस वर्षं अशीच काढली. डिसेंबर शहाऐंशी. जिल्ह्याची फायनल. पहिला सेट वैजयंतीचा, सहा-तीन. दुसरा पाच-सात. तिसऱ्यात चार-पाच, मॅच पॉइंट, आणि मुमताजने तो चेंडू हळूच नेटजवळ टाकला – नुसतं मनगट हललं – आणि वैजयंती धावली, पोहोचलीसुद्धा, चेंडू उचलला, तो नेटच्या पट्टीवर बसला... बसलाच होता, क्षणभर, कुठे पडावं याचा विचार करत... आणि अलीकडे पडला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुमताजचं लग्न झालं आणि खेळ थांबला. त्यापुढची सहा वर्षं वैजयंती जिल्ह्याची विजेती. सहा वर्षं प्रत्येक टाळीच्या खाली तिला ऐकू यायचं – मुमताज नव्हती म्हणून. तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं. गैबीसाब कोर्टाला पाणी मारताना एकदा फक्त थांबले होते, म्हणाले होते, "अच्छा खेले, बाई," आणि पुन्हा झारी उचलली होती. त्या थांबण्यात काय होतं, यावर तिने किती रात्री घालवल्या!

भवानी पेठेतल्या बोळात यंत्रमागांचा खडखड आवाज भिंतींतून येत होता. मुमताजचं घर विचारत विचारत सापडलं. पुढच्या खोलीत टॉवेलांचे ढीग, मध्ये शिलाई मशीन, आणि जमिनीवर बसून घड्या घालणारी एक जाडसर बाई. टॉवेल हवेत उडवायचा, झटका द्यायचा – फट् – आणि घडी. वैजयंती दारातच थांबली. चेहरा तिने ओळखला नसता, मनगट ओळखलं.

"कोण? ...अगं वैजू! ये की, ये. अशी भायेर काय उभी?" मुमताज हाताचा टेका देऊन उठली, ढीग सरकवून जागा केली आणि आत जाऊन चहा टाकून आली. सून दवाखान्यात कामाला, मुलगा आसिफ टेम्पो चालवतो, तोच माल आणतो-नेतो. कडा शिवायचं काम घरात. हे सगळं ती हसत सांगत होती आणि वैजयंती खोलीत काहीतरी शोधत होती. काय शोधत होती? दुःख असावं. खेळ सुटल्याची एखादी खूण.

स्मरणिकेचं सांगितलं तेव्हा मुमताज मोठ्यांदा हसली. "माझा फोटू? या वयात? आन् घालून करायचं काय?"

"तुझं नाव आहे तिघींत. आपली फायनल झालेली ना... आठवते ना?"

"कंची?"

"शहाऐंशीची. जिल्ह्याची."

मुमताजने खरंच आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, नजर छताकडे गेली. ती ढोंग करत असती तर वैजयंतीला केवढं बरं वाटलं असतं! पण ती एखाद्या जुन्या शेजाऱ्याचं नाव आठवावं तशी मनापासून आठवत होती, आणि तिला सापडत नव्हतं.

"आपण लई खेळलो की गं. रोजच खेळायचो. त्यात फायनल कंची, ते न्हाय बघ येत डोक्यात. कोण जिंकलं?"

मागांची खडखड अचानक फार जवळ आली. एकोणचाळीस वर्षं... तो चेंडू एकट्या वैजयंतीच्याच पट्टीवर बसून होता तर. पलीकडे कुणी नव्हतंच. बोर्ड गेला, रजिस्टरं गेली, गैबीसाब गेले, आणि ही विचारते आहे – कोण जिंकलं? म्हणजे आता मी म्हणेन ते. मी म्हणेन तेच झालेलं असेल.

"मी," ती म्हणाली.

किती सोपं होतं. चेंडू पट्टीवरून हळूच पलीकडे पडला.

"जिंकणारच की! तुजा हात लई भारी," मुमताज मनापासून म्हणाली, आणि मग तिचे डोळे शिलाई मशीनकडे वळले. मशीनच्या फळीवर दोन कानांचा एक कप होता, निकेल उडालेला, रिकाम्या बॉबिनींनी भरलेला. तिने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "पर ह्यावर शहाऐंशीच हाय. महिला एकेरी... म्हंजे ह्यो तुजाच की मग. आमच्यात कसा आला?" तिने बॉबिनी ओंजळीत ओतून घेतल्या, कप पदराने पुसला आणि पुढे केला. तो पुढे करता करताच तिचा चेहरा बदलला. "अब्बांनी आणला आसंल क्लबातनं... पर अब्बा तसले न्हवते गं. चुकून आणला आसंल. त्यांनी कंदी कुणाच्या सुतळीला हात लावला न्हाय, तुला तर म्हाईत हाय." आणि मग हळू आवाजात, "तू कुणाला सांगू नगंस."

वैजयंतीचे हात आपोआप पुढे झाले होते. कप हलका होता, अपेक्षेपेक्षा फार हलका. असा एक कप आपल्या हातात आहे, हे तिने इतक्या वेळा मनाशी पाहिलं होतं की बोटांना त्याचे कान अनोळखी वाटले नाहीत. आणि समोर गैबीसाबांची मुलगी मान खाली घालून बसली होती. पहाटे चारला येऊन कोर्टावर रूळ फिरवणारा, सभासदांचे हरवलेले चेंडू गटारातून काढून मोजून परत देणारा माणूस एका शब्दाने चोर झाला होता...

"नाही," ती म्हणाली. "नाही मुमताज. तो तुझाच आहे. तू जिंकलीस. तिसऱ्या सेटमध्ये. मी हरले."

हे शब्द तिने कधी मोठ्याने उच्चारले नव्हते, स्वतःशीसुद्धा नाही. ती वाट बघत राहिली – आता ही विचारेल, मग खोटं का बोललीस. आता हिच्या चेहऱ्यावर निदान आता तरी जिंकल्याचं काही उमटेल.

"मग तसं सांग की!" मुमताजने सुटकेचा श्वास टाकला. "उगं माझ्या जिवाला घोर." तिने कप काढून घेतला आणि बॉबिनी पुन्हा त्यात ओतल्या. मग मान वाकडी करून क्षणभर वैजयंतीकडे पाहिलं. "तुला लई लागलं हुतं व्हय गं ते?"

आतून चहा उतू गेल्याचा वास आला आणि मुमताज लगबगीने उठून गेली.

चहा पिताना ती आपणहूनच बोलत होती. "मला काय आठवतं सांगू? सकाळचं. तुमी सगळे यायच्या आदी अब्बा पाणी मारायचे, आन् मी तसल्या वल्या कोर्टावर अनवाणी उभी ऱ्हायची. गार गार लागायचं. अब्बा पलीकडनं चेंडू टाकायचे, मी परत टाकायची. शंभर, दीडशे... मोजायचंच न्हाय. नुसतं जायचा, यायचा. अजूनबी घड्या घालताना कंदी कंदी तसंच वाटतं बघ." आणि तिने बोलता बोलता एक टॉवेल उडवला.

सही तिने उर्दूत केली. फोटो नाहीच म्हणाली.

बोळातून बाहेर येईपर्यंत कल्लप्पांचा फोन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तिने उचलला. "ठरलं का मॅडम?" – "अजून नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, कुणाचं नाव लिहायचं हा प्रश्न तिच्यापासून कुठेतरी दूर गेला होता, दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभा असल्यासारखा. छातीतलं ते आंबट मात्र होतंच. जिंकण्याचा हेवा तिच्या ओळखीचा होता, अंगवळणी पडलेला, जवळजवळ सोबतीसारखा. हा दुसरा होता. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली आणि आपली एखादी सकाळ आठवू लागली – एक तरी, जिच्यात चेंडू नुसता जात होता, येत होता. पंधरा-तीस आठवत होतं. चार-पाच आठवत होतं. कुणी टाळी वाजवली नाही ते आठवत होतं. तिने डोळे मिटले, पावलांना विचारून पाहिलं, ओल्या मुरुमाचा गारवा कसा असतो... भिंतीपलीकडे माग चालू होते, भिंत थरथरत होती, आणि पावलांना काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं, तरी ती विचारत राहिली.