लीलाबाईंचा सुटलेला पत्ता

सन २०१९, मार्गशीर्ष. तुरीच्या शेंगा भरत होत्या. त्या दिवसांत अमरावतीजवळच्या एका मळ्यात माझा जन्म झाला. मी एक पत्ता आहे, इंटरनेटवरचा. लीलाबाई रोपवाटिका डॉट कॉम. मला अंग नाही. पण माझं नाव जिथं घेतलं जातं, तिथलं मला ऐकू येतं.

लीलाबाई संत्र्याची कलमं करून विकायच्या. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, वर्षभर रोप सांभाळायचं. सून हर्षाने मला घ्यायचं ठरवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माह्याच नावानं घे. नाव माहं राह्यलं त खोटं बोलाले लाज वाटन."

पाच वर्षं शेतकरी मला हाक मारत, पत्रं पाठवत. डोळा कोणत्या झाडाचा, रोप किती महिन्यांचं, बाई खरं तेच कळवत. माझ्यावरून एक खोटा शब्द गेला नाही. हे मी मान वर करून सांगतो.

पत्ता कायमचा कोणाचा होत नाही. दरवर्षी नवा करावा लागतो. ते काम बाई स्वतः, आपल्या फोनवरून करत.

२०२४ च्या भाद्रपदात बाई गेल्या. त्यांचे यजमान खुशालराव यांनी फोन त्यांच्या लुगड्यांत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला. गेलेल्या माणसाच्या वस्तूला वर्षाच्या बरसीपर्यंत कोणी हात लावायचा नाही, ही त्या घरची रीत. पण रोज दिवेलागणीला खुशालराव फोन बाहेर काढत, चार्ज करत, परत आत ठेवत.

मार्गशीर्षात माझी मुदत सरली. तशा सूचना येऊ लागल्या, त्याच फोनवर. फोन थरथरला की अख्खं कपाट गुरगुरायचं.

"मामाजी, पाहू का कोनाचा हाये?" हर्षा विचारायची.

"तिचा फोन हाये. तीच उचलन."

मग कपाटाकडे तोंड करून म्हणायचे, "हाव, हाव. आयकलं."

पौषात हर्षा बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेली. घरात कपाट गुरगुरत राहिलं, आणि म्हातारा त्याला उत्तर देत राहिला. मी काय करणार?

मुदत सरल्यावरही पंचेचाळीस दिवस मला सहज वाचवता आलं असतं. नंतरचे तीस दिवस दंड भरून. तेही सरले. मग पाच दिवस येतात. त्या पाच दिवसांत पत्ता कोणाचाच नसतो, मालकाचाही नसतो. लोक हाक मारतात. मला ऐकू येतं. तोंड उघडत नाही.

आणि तिथं मला कळलं, बाहेर कोणी तरी उभं आहे.

हर्षा बाळ घेऊन परतली त्याच दिवशी नांदगाव खंडेश्वरहून गोवर्धन या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "वहिनी, पत्ता उघडून नाई राह्यला. बाईनं दुकान बंद केलं काय?"

तिने आपल्या फोनवर पाहिलं, पत्ता सुटला होता. मग सासऱ्यांना सांगितलं, "माह्या माहेराजवळ बँडवाले होते, मामाजी. त्यायचा पत्ता असाच सुटला. दुसऱ्यानं उचलला. आता वर मेलेल्या बँडमास्तरचा फोटो हसून राह्यला, अन् खाली जुगार. मास्तर म्हनते, पैसे लावा. आपल्या बाईच्या नावानंबी कोनी उत्तरं देईन. रोपं म्हनून काहीबी इकन."

खुशालरावांनी कपाटाकडे पाहिलं. ओळखीच्या आवाजात हाक मारून वाट चुकवणाऱ्या भुताचं नाव घेतलं. "चकवा."

अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या वर जयवंता नावाच्या मुलीचं दुकान आहे. पत्ते नोंदवण्याचा परवाना तिच्याकडे आहे. दोघं तिच्याकडे गेले.

"आता हात लावता येत नाई, काकाजी," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी दोनले मोकळा होईन. जो पयले मागन त्याचा. साऱ्या पत्त्यांची नोंद राह्यते त्या मोठ्या दफ्तरात प्रत्येक परवान्याले सारख्याच खेपा मागता येते."

"मंग न्याय हाये."

"कागदावर. एकानंच एकशे चाळीस परवाने घेतले. पाट्या एकशे चाळीस, मालक एक. आमी लहान दुकानवाले दोन वर्षं त्याच्याविरुद्ध अर्ज करून राह्यलो. या महिन्यात नियम निघाला, मालक एक त रांग एक. पाळते का नाई, शुक्रवारी दिसन." तिने कीबोर्ड ओढला. "कोनाच्या नावानं मागू?"

"तिच्याच."

"नाई जमत."

"काहून?"

"जित्या मानसाचं नाव लागते, काकाजी. त्या गेल्या."

सहा महिन्यांत त्यांच्या तोंडावर हे कोणी बोललं नव्हतं. हर्षाने मान खाली घातली. पंखा फिरत होता.

"माह्या. खुशालराव," ते म्हणाले. "लिव."

शुक्रवार. भर उन्हाची दुपार. जुनी नोंद पुसली गेली आणि मी उघडा पडलो. तेवढा एक क्षण, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. त्यात मी काय पाहिलं ते सांगतो. एकशे चाळीस तोंडं माझ्याभोवती दाटली होती. प्रत्येकाचं नाव निराळं, सगळ्यांचा श्वास एकदम. ती सगळी मला लीलाबाई म्हणत होती. बाईंचाच आवाज काढून म्हणत होती. त्यांतल्या कोणाला तरी मी ओ देणारच होतो, मला तेवढंच येतं.

मग तोंडं मिटू लागली. एक, दहा, शंभर. दफ्तराने मालक ओळखला होता. शेवटी एकच तोंड उरलं, आणि त्याच्या बाजूला लहान दुकानांच्या हाका ऐकू आल्या, एकेक, आपापल्या आवाजात. त्यांत एक अमरावतीची होती. ती निमिषभर आधी पोचली.

दुसऱ्या दिवशी जयवंताच्या दुकानात माझं पान उघडलं. पहिलं पत्र गोवर्धनचं होतं. बाई, यंदा रोपं हायेत का?

"काय लिवू, मामाजी?" हर्षाने विचारलं.

खुशालराव म्हणाले, "लिव. बाई गेल्या. रोपं हायेत."

तिने लिहिलं. ते माझ्यावरून गेलं.

मग ते जयवंताकडे वळले. "तुवं काय लागते?"

"काही नाई, काकाजी."

"फुकट घेत नसतो मी."

"फुकट नाई. माह्या बापाची, देवमन बाबाची बाग वाळली होती, त्या साली लीलाबाईनं दोनशे कलमं देल्ली. झाडं लागली की पैसे दे म्हने. बाबा त्याआधीच गेले. बाई कधी मांगाले आल्या नाई. झाडं अजून उभी हायेत."

खुशालरावांनी चपला घातल्या.

"मंग फिटलं," ते म्हणाले.