नानांच्या पगडीखालची पृथ्वी

पृथ्वीला शिळ्या तेलाचा वास येतो, हे मला सातवीत कळलं. पुस्तकात ते दिलेलं नाही. पृथ्वी संत्र्यासारखी गोल आहे आणि दोन्ही टोकांना जराशी चपटी आहे, एवढंच पुस्तकात आहे. संत्र्याला कसा छान वास असतो! आमच्या पृथ्वीला मात्र... शी! अजून आठवलं की नाकाला पदर लावावासा वाटतो, आणि मला तर अजून पदरही नाही, परकर-पोलकंच आहे.

मी झुंबर. बोदवड स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीने यावं लागतं, असं आमचं गाव. गावात मुलींची दोन खोल्यांची मराठी शाळा आहे आणि तिच्यात सातवीचा वर्ग आहे. वर्ग म्हणजे मी, धुरपदा आणि आणखी दोघीजणी. शिकवायला प्रमिलाबाई. सातवी पास झाले की मलाही बाईंसारखी मास्तरीण होता येणार होतं, आणि माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, तसा शब्द दिला होता. "सातवी होऊ दे. तोवर रावेरच्या लोकांना मी थांबवून धरतो," असं ते म्हणाले होते. रावेरचे लोक म्हणजे मला आलेलं स्थळ. केळीचे मळे आहेत, मुलगा बरा आहे म्हणतात. असेल. पण मला केळीच्या मळ्यात जायचं नव्हतं, मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं.

आणि तेवढ्यात कळलं की सातवीच बंद होणार.

आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष पितांबरनाना. त्यांनी बोर्डाला कळवलं होतं की चार मुलींसाठी सातवी चालवणं म्हणजे चार दाण्यांसाठी जातं फिरवणं आहे. बोर्डाने उत्तर दिलं, शाळा तपासणारे डिप्टीसाहेब स्वतः येऊन मुलींची परीक्षा घेतील आणि मग काय ते ठरवतील. परीक्षा कसली? भूगोलाची! साहेबांचा म्हणे तोच आवडता विषय.

आम्ही भूगोल कवठावर शिकलो. हसू नका. बाईंनी एक छान गोल कवठ आणलं, त्यातून दाभण आरपार घातलं, कोळशाने खंड काढले, आणि कंदील लावून आम्हाला दिवस आणि रात्र दाखवली. दाभण घालताना मी ते नीट उभं घालायला गेले, तर बाईंनी माझा हात धरला.

"वाकडं घाल, झुंबर. पृथ्वी वाकडी आहे म्हणून तर आपल्याकडे उन्हाळा-पावसाळा होतो. सरळ असती तर काही खरं नव्हतं."

हे मी विसरले नाही. कवठ मात्र राहिलं नाही. डिप्टीसाहेब येणार म्हटल्यावर आता नानांकडची खरी पृथ्वी शाळेत येणार, या आनंदात आम्ही ते फोडलं आणि गूळ घालून खाल्लं. बाईंनीही खाल्लं.

खरी पृथ्वी, म्हणजे नकाशा छापलेला पृथ्वीचा गोल, गेल्या दिवाळीत शाळेसाठीच आला होता. जळगावहून आगगाडीने, गवतात गुंडाळून. ती नानांनी उतरवून घेतली आणि म्हणाले, "शाळेत उंदीर फार. माझ्या बैठकीत राहू दे." तेव्हापासून ती बैठकीतच. आम्ही तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

बाईंनी मला आणि धुरपदाला ती आणायला पाठवलं. नाना बैठकीत सुपारी कातरत बसले होते, बोडक्या डोक्याने. डोक्यावर केस बोटांवर मोजण्याइतके, पण तेल मात्र एवढं की दिव्याची ज्योत त्यात दिसावी.

"नाना, बाईंनी पृथ्वी मागितलीय," मी म्हटलं.

"कशाला गं?"

"उद्या साहेब येणार ना. भूगोल आहे."

"मुलींना भूगोल कशाला लागतो, हे मला अजून कोणी सांगितलं नाही." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "सासरी जाताना काय नकाशा उघडून बसणार? गाडीवान असतो की!"

धुरपदा खुदकन हसली. मी तिला चिमटा काढला.

"कुठे आहे ती, नाना?"

"तुझ्यासमोरच तर आहे."

माझ्यासमोर चौरंगावर नानांची लाल पगडी होती. नानांनी ती दोन्ही हातांनी उचलली. उचलताना चप् असा आवाज झाला, गुळाची ढेप फडक्यापासून सुटते तसा. आणि खाली पृथ्वी होती.

मी खरं तेच लिहिते. उत्तर ध्रुवावर तेलाचा थर होता आणि थरावर धूळ आणि धुळीत नानांचे दोन केस. त्याखाली सगळा युरोप काळपट झाला होता. पगडीचा रंग उतरून रशियासुद्धा इंग्रजांच्या तांबड्या मुलखात गेला होता. मुंग्यांची एक रांग समुद्रातून वर चढून तेलापर्यंत पोहोचली होती. आणि खाली ऑस्ट्रेलियावर पांढरे फराटे! पान खाताना चुन्याचं बोट नाना तिथेच पुसत असणार, कारण ते आमच्यासमोरही तिथेच पुसलं. मी नाक दाबलं. धुरपदाने तर पाठच फिरवली.

"नाना, ही अशी कशी झाली?"

"कशी झाली? जिवापाड जपलीय! शाळेत असती तर उंदरांनी खाल्ली असती." नाना पुढे सरकले. "उलट माझे आभार माना. कंपनीने वाकडी पाठवली होती. पगडी ठेवली की घसरायची, आणि जरा धक्का लागला की गरगर फिरून पगडी खाली! मग भिकन सुताराला बोलावलं, तिची खालची लाकडी बैठक तासून सरळ करून घेतली, आणि वरून हा खिळा ठोकला. आता हलायचं नाव नाही."

खरंच, ध्रुवाच्या मधोमध खिळ्याचं डोकं होतं.

"नाना, पृथ्वी वाकडीच असते," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"बाई."

"बाईंना म्हणावं, एवढी वर्षं आम्ही तिच्यावर सरळ उभे आहोत!" आणि नाना असे हसले की सुपारीचा तुकडा उडून माझ्या पोलक्यावर पडला. शी, शी, शी!

आम्ही मागच्या दाराने निघालो तर नानांच्या घरच्या, भागाकाकू, चिंधी घेऊन उभ्या होत्या. "न्या व माय, लवकर न्या," त्या हळूच म्हणाल्या. "मले रोज पुसा लागतं ते. जेवताना बी हाताले वास येतो."

आम्ही टोपली नेली होती, पण धुरपदा ती डोक्यावर घेईना. "नानांच्या डोक्याचं माझ्या डोक्यावर? मी नाही बाई!" शेवटी दोन्ही बाजूंनी कडा धरून, तोंडं फिरवून, आम्ही पृथ्वी शाळेत आणली.

बाई पृथ्वीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी रिठ्याचं पाणी केलं आणि आम्ही पुसायला बसलो. तेल जाईना, देश मात्र जायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "इराण गेलं."

"बाई, मी उद्या साहेबांना सगळं सांगते," मी म्हटलं. "पगडी, चुना, खिळा, सगळं."

"नाही सांगायचं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नाना कमिटीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी एक अर्ज केला की माझी बदली होईल, आणि मग साहेबांनी वर्ग ठेवला तरी शिकवणार कोण तुम्हाला? उद्या नानांचं नाव तोंडातून काढायचं नाही, झुंबर."

"मग दुसरं कवठ आणते."

"नानांचा निरोप आलाय. साहेबांना हीच दाखवायची."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हाताला खरंच वास येत होता.

साहेब धुळ्याचे. उंच, बारीक, बुटांवर धूळ, तोंडावर काहीच नाही. टेबलावर पृथ्वी, तिच्याशेजारी खुर्चीत नाना, नानांच्या डोक्यावर पगडी. बाई भिंतीशी उभ्या. साहेबांनी काही विचारायच्या आतच नाना सुरू झाले.

"साहेब, ही आमच्या शाळेची पृथ्वी. वाकडी आली होती. मी पदरमोड करून सरळ करून घेतली."

"सरळ केलीत?"

"अगदी ओळंब्यात! आणि फिरायची, तेही बंद केलं."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पृथ्वीकडे पाहिलं. मग नानांकडे न बघता धुरपदाला विचारलं, "उन्हाळा का होतो?"

धुरपदा घाबरली की जे जिभेवर येईल ते बोलते. "सूर्य जवळ येतो म्हणून!"

साहेबांनी काहीतरी लिहिलं. नाना सुपारी चघळत मान डोलवू लागले, म्हणजे बघा, मी म्हणत नव्हतो? दुसऱ्या दोघींनी माना खाली घातल्या. मला एकदम रावेर दिसलं. केळीची पानं, त्यांच्यामध्ये एक घर, आणि त्या घरात मी.

मी उभी राहिले. कोणी विचारलं नव्हतं तरी उभी राहिले.

"साहेब, या पृथ्वीवर उन्हाळा होतच नाही."

"म्हणजे?"

"ही सरळ आहे म्हणून. वाकडी केली तर होईल. करून दाखवू?"

"दाखव."

बाईंनी कंदील लावून जमिनीवर मधोमध ठेवला. आता ती पृथ्वी उचलायची होती. नुसती उचलायची नव्हती, घट्ट धरून वाकडी करायची होती, आणि त्याला एकच उपाय होता. मी एक हात बुडाखाली घातला, दुसरा उत्तर ध्रुवावर ठेवला, आणि पृथ्वी पोटाशी धरली. तळव्याला खिळा टोचला. बोटं तेलात रुतली. माझं धुतलेलं पोलकं! एक मुंगी बाहीत शिरली, तिला तेव्हा शिरू दिलं.

"पृथ्वीचा आस कललेला असतो, आणि तो नेहमी एकाच बाजूला कललेला असतो. समजा, दारातल्या लिंबाकडे." मी ध्रुव लिंबाकडे कलवला आणि लिंब आणि मी यांच्यामध्ये कंदील येईल अशी उभी राहिले. "आता आपली अर्धी पृथ्वी सूर्याकडे झुकली. ऊन डोक्यावर येतं, दिवस मोठा होतो. हा आपला वैशाख." मग ध्रुव लिंबाकडेच ठेवून कंदिलाला वळसा घातला. "आता आपली बाजू पलीकडे झुकली. ऊन तिरपं येतं, दिवस लहान. आता शेकोटी. सूर्य जवळ आला नाही की लांब गेला नाही."

"आणि दिवस-रात्र?"

"ती ही फिरली की होतात. पण हिला खिळा आहे."

"मग?"

"मग मी फिरते."

आणि मी तिला छातीशी धरून तिथेच स्वतःभोवती फिरले. परकराचा घेर, कंदिलाची ज्योत, लिंब, नानांची पगडी, पुन्हा ज्योत. गरगरलं तेव्हा तोल सावरताना माझा गाल ध्रुवावर टेकला आणि चिकटला. तो वास सरळ डोक्यात गेला. मला वाटलं, आता मी साहेबांच्या बुटांवरच ओकणार. दात आवळले. थांबले.

"आणि सरळच राहिली असती तर?" साहेबांनी विचारलं.

"तर बारा महिने दिवस-रात्र सारखे. उन्हाळा वेगळा नाही, हिवाळा वेगळा नाही. पेरायचं कधी नि वेचायचं कधी, हे कोणालाच कळलं नसतं. नानांच्या कपाशीलासुद्धा."

नाव गेलं तोंडातून! बाईंनी डोळे मिटले. पण नाना खूश झाले. "यंदा माझी कपाशी झक्क आहे, साहेब," ते म्हणाले.

साहेब उठले. माझ्या हातातली पृथ्वी त्यांनी वरून एका बोटाने पुसून पाहिली. बोट नाकापाशी नेलं. चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं, आणि ते काय होतं हे मला बरोबर कळलं, कारण कालपासून तेच माझ्याही चेहऱ्यावर होतं. त्यांनी रुमाल काढून बोट पुसलं. मग पगडीकडे पाहिलं, मग पृथ्वीकडे, मग पुन्हा पगडीकडे.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "यापुढे पृथ्वी शाळेतच राहील. आणि सातवीही."

एवढंच बोलले. रुमाल मात्र त्यांनी खिशात ठेवला नाही, जाताना उकिरड्यावर टाकून गेले.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण नाना गावभर सांगत सुटले की त्यांनी सरळ केलेल्या पृथ्वीमुळेच सातवी वाचली. पारावर सांगितलं, बाजारात सांगितलं, आणि भाऊंनी ते खरं मानलं. "जा, नानांच्या पाया पडून ये," म्हणाले. मी किती सांगितलं! "सातवी राहिली ना तुझी? मग कशाने राहिली याची चौकशी कशाला?"

गेले. नाना बैठकीत तसेच, बोडके. चौरंगावर आता एक भलंमोठं डांगर होतं आणि त्याच्यावर पगडी.

"काय झुंबर, आमच्या पृथ्वीने काम केलं की नाही?"

बाईंची बदली डोळ्यांपुढे आणली. "केलं, नाना," म्हटलं, श्वास धरला आणि वाकले.

परत निघाले तर भागाकाकू दारात. डांगराकडे बोट करून कानात म्हणाल्या, "याची भाजी काही मी करनार नाही हो."

घरी येऊन मी राखेने हात घासले, गाल घासला, आई ओरडेपर्यंत घासला. मग भाऊंना म्हटलं, रावेरला निरोप धाडा, सातवी होईपर्यंत थांबा म्हणावं. भाऊ बरं म्हणाले.

"आणि थांबायचं नसेल तर दुसरीकडे बघा, असंही सांगा."

भाऊंनी माझ्या लाल झालेल्या गालाकडे पाहिलं आणि तेही सांगतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पक्कड आणली. खिळा निघता निघेना. मी ध्रुव धरला, बाईंनी ओढलं. निघाला तेव्हा भोकातून तेलाचा थेंब वर आला. शी! बुडाखाली आम्ही लाकडाची चीप सारली आणि मी बोटाने ढकललं. पृथ्वी कुरकुरली, आणि मग फिरली. वाकडी.