टीव्हीचा आवाज कुठं गेला?

खो-खोचा अंतिम सामना संपला, विजेत्या संघातल्या रागिणीसमोर माइक आला आणि टीव्हीचा आवाज पुन्हा गेला. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या तिच्या घरी सकाळपासून हेच चाललं होतं. चित्र स्वच्छ दिसे, आवाज मात्र येई-जाई. तिच्या वडिलांनी, जीवनने, राउटर बंद करून चालू केला, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं. कारण सापडेना.

“पोरगी बोलून राह्यली अन् तू बटनं दाबत बस!” त्याची आई पार्बताबाई ओरडली.

“माय, नेट फुल आहे. मले काहीच समजून नाही राह्यलं.”

इतक्यात अंगणात मेथी निवडत बसलेले उत्तमराव, जीवनचे वडील, मोठ्यानं हसले.

जीवन बाहेर धावला. “बाबा, तुमाले ऐकू येते?”

“मशीनमंदी चांगलं येते. तुमाले नाही येत?”

कानाचं नवं मशीन जीवननेच काल रात्री टीव्हीला जोडून दिलं होतं. उत्तमरावांनी ते चालू केलं की सगळा आवाज त्यांच्या कानात जाई.

जीवन रिमोट घ्यायला आत वळला. दारात आलेल्या पार्बताबाईनं त्याचा हात धरला. “राहू दे, पोरीचं बोलणं तुटन. तुमी सांगा हो, काय म्हन्ते?”

“म्हन्ते, आजी लाटणं घेऊन मांगं लागे, म्हणून मी पळायले शिकली.”

“खरंच म्हन्ते, का तुमच्या मनचं सांगता?”

उत्तमरावांनी मशीन बंद करून खिशात ठेवलं. घरात टीव्ही खणखणीत बोलू लागला. साबणाची जाहिरात लागली होती.