उताराची माती

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत धाकट्या सुनेला आठ वर्षं झाली होती. परक्यांच्या शेताला रोज औषधपाणी सांगायचं, आणि घरच्या शेताचा विषय काढला की सासऱ्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरायचा. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

तीन हंगाम मका कमी कमी भरत होता. पूर्वी महिनाभर सावकाश पडणारा पाऊस आता दोन दिवसांत कोसळायचा, उतारावरची माती धुऊन न्यायचा, आणि मागून असं ऊन तापायचं की उरलेली भाजून निघायची. उताराला एक हंगाम मका नको, तिथे ताग पेरू आणि फुलायच्या आत मातीत गाडू, म्हणजे त्याचं खत होईल, असं सुनेचं म्हणणं. जमिनीला काही धाड भरलेली नाही, असं सासऱ्यांचं. वर्षभर हुज्जत घालून शेवटी ठरलं, की माती तपासायची आणि अहवाल सांगेल तसं करायचं. पेरणीला बारा दिवस उरले होते. आणखी एक मका त्या उतारावर घेतला, तर पुढे काही लावायला तिथे माती उरणार नाही, हे सुनेला स्पष्ट दिसत होतं.

सासरे स्वतः मातीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आले. चारचौघांसारखे रांगेत उभे राहिले आणि खिडकीतून सुनेच्याच हातची पावती घेऊन गेले. तिला अगदी भरून आलं.

ते फार वेळ टिकलं नाही. माती काळीभोर, मऊ निघाली. चाळायला घेतली तर चाळणीत अंड्याच्या कवचाचा तुकडा राहिला, त्याच्या जोडीला चहाचा चोथा. मक्याच्या शेतात कोंबड्या काही चहाला येत नाहीत! ही माती स्वयंपाकघरामागच्या वाफ्यातली होती. सासूबाई वीस वर्षं तिथे सालं नि चोथा टाकत होत्या. सुनेला आधी हसू आलं, मग राग आला. या मातीचा अहवाल झकास येणार आणि सासरे उतारावर मका लावून मोकळे होणार.

संध्याकाळी मटार सोलता सोलता तिने विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, तरीच वाफ्यात खड्डा, आपण उगाच शेजारच्या मांजराला बोल लावला. सासरे मात्र खाली मान घालून सोलत राहिले.

"फोटो काढायचा तर माणूस केस विंचरतोच ना," ते म्हणाले.

"हा फोटो नाही बाबा, रक्ताची तपासणी आहे. दुसऱ्याचं रक्त देऊन आपला ताप कसा कळेल?"

त्यांनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

"आधी उतारावरच गेलो होतो गं. फावडं मारलं आणि खडक वाजला. माझ्या वडिलांनी जमीन दिली तेव्हा तिथे गुडघाभर माती होती. माझ्या हातात असताना गेली ती. हे तुझ्या हाताने कागदावर यायला नको होतं मला."

वर्षभर सून ज्याला हट्ट समजत होती, ती लाज होती. पाऊस बदललाय, त्यात तुमचा काय दोष, असं ती म्हणाली खरी, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे.

सकाळी दोघं शेतात गेली. नऊ ठिकाणी खड्डे घेऊन माती एकत्र केली. उतारावर फावडं खणकन वाजलं तसे सासरे थांबले, पण मागे फिरले नाहीत. खोली मोजायला सुनेने खड्ड्यात हात घातला आणि तो लगेच खडकाला टेकला.

"वीतभर आहे," ती म्हणाली आणि चिठ्ठीवर लिहू लागली.

सासरे गुडघ्यांवर बसले. त्यांनी स्वतःचा हात खड्ड्यात घातला, थोडा वेळ तिथेच ठेवला.

"वीतभर नाही पोरी, चार बोटं," ते म्हणाले. "खरं लिही."