तरसालीची दुसरी रेघ

तुम्हाला सगळं ठाऊक होतं, साहेब. तरसालीच्या ओट्यावर बसून तीर्थाने दिवस राहतात म्हणणाऱ्या माताजींविरुद्धची तक्रार पोलीस ठाण्यात तुमच्या टेबलापर्यंत आली होती. "श्रद्धेचा विषय आहे," म्हणत तुम्ही ती परत धाडलीत. आता त्याच ओट्यावर काय झालं ते ऐका.

मंगळवार होता. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकीच्या रुमालात मेडिकलमधून आणलेली गर्भाची चाचणीपट्टी. जिच्या पट्टीवर एकच रेघ, तिच्या पट्टीवर माताजी तीर्थ शिंपडत. दुसरी रेघ, म्हणजे दिवस गेल्याची खूण, उमटली की बायका डोळे पुसत.

संयोगिता सासूच्या, कौशल्याबाईंच्या मागे उभी होती. मागल्या आठवड्यात घरी पुसटशी दुसरी रेघ दिसली होती. सासूने त्याच संध्याकाळी सोसायटीभर पेढे वाटले. मग नव्या पट्टीवर पुन्हा पाहिलं तर एकच रेघ. आता रक्त जात होतं, ओटीपोटात कळ मारत होती. नवरा अमोघ "आई म्हणेल तसं कर" म्हणून मकरपुऱ्याच्या कंपनी बसमध्ये चढला होता.

"आई, आधी डॉक्टरकडे जाऊ या ना."

"आणि डॉक्टरने भलतंच सांगितलं तर? पेढे खाऊन बसलेत लोक. मी तोंड कुठे लपवू?"

माताजींनी संयोगिताची पट्टी चिमटीत धरली. "बेटा, चिंता नहीं करवानी. बाळ रुसलंय. मशीनची नजर लागते त्याला, सोनोग्राफी करायची नाही. रक्त म्हणजे जुना मळ, जाऊ दे."

तांब्यातल्या तीर्थाचे थेंब पट्टीवर पडले. रेघ उमटली, चांगली ठसठशीत. कौशल्याबाई माताजींच्या पायाशी वाकल्या. संयोगिताच्या पोटात पीळ पडत होता, तरी तिलाही ती रेघ हवीच होती.

माताजींनी दिलेली तीर्थाची बाटली उशाशी ठेवून ती घरी पडून राहिली. शेवटी बाथरूममध्ये भोवळ येऊन कोसळली, तेव्हा कुठे अमोघने तिला फतेगंजला डॉक्टर मृदुलाबेनकडे नेलं.

सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासलं, गर्भ असल्याचं सांगणाऱ्या संप्रेरकाचा आकडा उतरत चाललेला.

"सुरुवातीचाच गर्भ, पडला असावा," डॉक्टर म्हणाल्या. "पुष्कळ जणींचं होतं असं. तुझं काही चुकलेलं नाही. पण हाच गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत अडकून नळी फुटली असती, तर तू इथवर पोचली नसतीस."

"पण रेघ आली होती," सोबत आलेल्या कौशल्याबाई तीर्थाची बाटली पुढे करत अडून बसल्या.

डॉक्टरांनी नवी पट्टी फोडली, तिच्यावर नुसतं बाटलीतलं पाणी टाकलं. दोन रेघा.

"अभिनंदन, मावशी. तीर्थाला दिवस गेलेत." त्यांनी बाटली कौशल्याबाईंच्या नाकाशी धरली. "लिंबू. आंबट पाण्याने पट्टीचं रसायन बिघडतं, खोटी रेघ उठते. पट्टीने गोंधळ केला की रक्त तपासायचं. रक्त गेलं, पोट दुखलं, की त्याच दिवशी दवाखाना."

कौशल्याबाईंनी बाटली हुंगून पाहिली. मग म्हणाल्या, "पेढे वाटायला नको होते." संयोगिताने भिंतीकडे तोंड फिरवलं. लिंबू कळून तिचं काय परत येणार होतं?

तरी उभं राहता येऊ लागल्यावर ती तरसालीला गेली. रांगेसमोर लिंबू पिळून रेघ काढून दाखवली. एकीने पट्टी निरखली आणि म्हणाली, "तारी श्रद्धा ओछी पडी, बेन." तुझीच श्रद्धा कमी पडली, म्हणे. रांग पुढे सरकली.

बायांनो, लिंबू तुमच्या घरात आहे. स्वतः पिळून पाहा, मग हात जोडा.

आणि साहेब, ओटा अजून चालू आहे. येत्या मंगळवारी त्या रांगेतल्या एखादीची नळी फुटली, तर तिच्या दारात उभं राहून तुम्ही काय सांगणार आहात? श्रद्धेचा विषय होता म्हणून? उत्तर द्या.