निळी खोळ

अहेरीच्या विहारात भीमगीतांची तालीम चालली होती. तिसऱ्या गाण्यात हर्षाच्या बास गिटारचा आवाज मधेच गेला. थोड्या वेळानं आपोआप आला, पुन्हा गेला.

"तूच वाजवाचं विसरून राह्यली अन् नाव मशीनचं सांगते," गायक विक्की म्हणाला. "परवा चंद्रपूरच्या कार्यक्रमाले बास वाजवाले पवनलेच नेतो."

हर्षाची मान खाली गेली. मागच्या कार्यक्रमातही असंच झालं होतं आणि लोक हसले होते. भिंतीशी बसलेली तिची आई, गुणाबाई, सगळं ऐकत होती.

ढोलकी वाजवणारे रामाजी उठले. "भांडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मंग चोर सापडते."

आधी त्यांनी वायर बदलली. आवाज गेलाच. मग पवनला त्याची स्वतःची गिटार घेऊन बसवलं. तरी गेला.

"आता पवन बी विसरला का रे विक्की?" रामाजी म्हणाले. "हर्षा, त्या डब्यावर हात ठेव."

अँप्लिफायर इस्त्रीसारखा तापला होता. विहारात वस्तू उघडी बरी दिसत नाही म्हणून गुणाबाईनं त्याला निळ्या साटीनची, जरीकाठाची खोळ शिवली होती. पुढून बटणांपुरती उघडी, बाकी सगळीकडून घट्ट. हर्षानं मागचं कापड उचललं. हवेची जाळी पूर्ण झाकलेली होती.

"गरम झाला का तो सोताच थांबते," रामाजींनी सांगितलं. "थंडा झाला का चालू."

हर्षाला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं बोलून गेली, "पाह्य विक्की, माही चूक नाई. आईच्या खोळीनं झालं सारं."

पवन फसकन हसला. रामाजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

गुणाबाई उठली. तिनं खोळ काढली. "मले वाटलं, धूळ बी नाई बसणार," ती कुणाकडेच न पाहता म्हणाली.

"बाई, मागून तेवढी कापा. बाकी झकास आहे," रामाजी म्हणाले.

"राहू द्या भाऊ." घडी घालून तिनं खोळ पिशवीत तळाशी ठेवली.

पुढची दोन गाणी आवाज एकदाही तुटला नाही. "चंद्रपूरले तूच चाल," विक्की पुटपुटला. हर्षाची नजर आईच्या पिशवीकडे गेली. पुढच्या गाण्याला ढोलकी सुरू झाली, तरी तिची बोटं तारेवर तशीच राहिली.

"वाजव नं बाई," भिंतीपासून आई म्हणाली. "लोक थांबले तुह्यासाठी."